खाडीकाठच्या मुलांना समुद्राचा धडा : पार्श्वभूमी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत बालवर्गातल्या मुलांना ‘समुद्र घाण कशाने होतो?’ असं विचारा, उत्तर ठरलेलं असतं : प्लास्टिक. भिंतीवरच्या तक्त्यात पिशवी गिळणारं कासव असतं आणि त्याच्याभोवती निळंशार पाणी. खाडी शाळेपासून दहा मिनिटांवर असली तरी तक्त्यातला समुद्र दुसराच कुठला तरी. लहान मुलांसाठी ‘प्रदूषण म्हणजे प्लास्टिक’ हे समीकरण पक्कं कसं झालं, याला एक इतिहास आहे.

कारण ठाणे खाडी नासली ती आधी दुसऱ्याच गोष्टींनी. साठच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसीचे रासायनिक कारखाने उभे राहू लागले. १९७० साली नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, आलं आणि नोड, म्हणजे नव्या शहराच्या वसाहती, वसत गेले. कारखान्यांचं रसायन आणि वस्त्यांचं सांडपाणी, दोन्ही नाल्यांतून खाडीत. जेमतेम २६ किलोमीटरची ही खाडी उत्तरेकडे, उल्हास नदीच्या बाजूला, फारच अरुंद होते. भरतीला आत आलेली घाण ओहोटीला सगळी बाहेर जात नाही. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यापासून बेलापूरजवळच्या दिवाळे गावापर्यंत मासळी कमी होत गेली, ती या काळात. कोळी आणि आगरी घरांतल्या पोरांना प्रदूषण कोणी शिकवावं लागलं नाही. जाळ्यात काय येतं आणि काय येईनासं झालं, हे त्यांना घरातच दिसत होतं. नव्या इमारतींत राहायला आलेल्या मुलांना खाडी म्हणजे पुलावर गाडी आली की नाकाला रुमाल लावायची जागा.

या विषयाचा अभ्यास तेव्हा महाविद्यालयातच राहिला. ठाण्याचं बांदोडकर विज्ञान महाविद्यालय चेंदणी बंदर रोडला, खाडीला खेटूनच. तिथल्या प्राणिशास्त्राच्या मंडळींनी खाडीतलं पाणी, गाळ आणि जीव वर्षानुवर्षं तपासले. पण विरघळलेला प्राणवायू, अमोनिया, जड धातू ही भाषा चार वर्षांच्या मुलापुढे कशी नेणार?

शाळेची वाट वेगळीकडून आली. १९७२ ची स्टॉकहोमची पर्यावरण परिषद, १९७७ ची तिबिलिसीची पर्यावरण शिक्षण परिषद, आणि आपल्याकडे पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचे १९९१ आणि २००३ चे आदेश. पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला. मात्र महाराष्ट्रात ‘परिसर अभ्यास’ हे वेगळं पुस्तक हातात पडायचं ते तिसरीत. त्याखालच्या वर्गांत सगळी भिस्त बाईंवर.

ती पोकळी प्लास्टिकने भरून काढली. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरू झालेली स्वच्छता मोहीम पुढे जगभर पसरली. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी किनारे झाडायचे आणि सापडलेल्या कचऱ्याची मोजदाद करायची. भारतात तटरक्षक दल तिची जुळवाजुळव करतं. २६ जुलै २००५ च्या पुरात तुंबलेल्या गटारांनी पिशव्यांचा प्रश्न घराघरांत आणला आणि २३ जून २०१८ पासून राज्यात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली. पिशवी दिसते, हातात धरता येते, ‘नको’ म्हणता येते. शिकवायला याहून सोयीचं काय? शिवाय गोष्टी तयार मिळतात. १९९२ मध्ये प्रशांत महासागरात एका जहाजावरून कंटेनर पडला आणि आंघोळीच्या टबातली सुमारे २८,८०० प्लास्टिकची खेळणी पाण्यात सुटली. त्यातली पिवळी बदकं कुठे कुठे लागली यावरून शास्त्रज्ञांनी सागरी प्रवाह तपासले. ही गोष्ट मुलं पुन्हा पुन्हा सांगायला लावतात.

उलट ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली, शेकडो टन तेल सांडलं, खारफुटी काळी पडली, मासळीला गिऱ्हाईक मिळेना. इतक्या जवळची ही घटना, तरी तिचा तक्ता मला तरी कुठल्या बालवर्गात दिसलेला नाही.

चित्र थोडं पालटलं ते २०१५ नंतर. त्या वर्षी ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, पुढे ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र उभं राहिलं, २०२२ मध्ये खाडीला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. शाळांच्या सहली तिकडे वळल्या. लहान मुलांसाठी तिथे खरा धडा ओहोटीला असतो. तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, वर आलेली मुळं पेन्सिलींसारखी चिखलात उभी असतात. त्यांच्यात गुटख्याची पाकिटं, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे, निर्माल्याच्या पिशव्या अडकलेल्या. शेजारीच निवटी, चिखलावर राहणारी छोटी मासोळी, टुणकन उडी मारते.

मुलं मात्र बोट दाखवतात चिखलाकडे : ‘ईऽ, घाण!’ इथे खाडीचं पाणी काचेच्या बरणीत भरून ठेवावं. तासाभरात बराचसा गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी बरंच निवळतं. गाळ ही घाण नव्हे, निवटीचं आणि चिंबोरीचं घर आहे, हे मोठा शिशूतल्या मुलालाही कळतं. निवळलेल्या पाण्यातही न दिसणारं काही असू शकतं, हे समजवायला अजून दोन-तीन वर्षं थांबावं लागतं.

फ्लेमिंगोंचं काय सांगायचं, हा त्याहून अवघड प्रश्न. खाडीतल्या सांडपाण्याने शेवाळ फोफावतं आणि ते खायला हे पक्षी येतात, असं अभ्यासक मानतात. म्हणजे गुलाबी पक्षी दिसले की खाडी स्वच्छ, असं सांगता येत नाही. सहलीच्या माहितीपत्रकात ही अडचण सहसा नसते; तिसरी-चौथीतलं एखादं पोर मात्र नेमकं तेच विचारतं.