एमटीबी की हायब्रिड? रोजचा रस्ता बघून ठरवा

सायकलच्या दुकानात दोघी शेजारी उभ्या असतात: एमटीबी, म्हणजे कच्च्या, दगडी वाटांसाठीची माउंटन बाइक, आणि हायब्रिड, म्हणजे मुख्यतः रस्त्यावर चालवायची सायकल. गिअर दोघींना, हँडल दोघींचं सरळ, किंमतही बरेचदा जवळपास. जाड टायर आणि पुढचा शॉकअप बघून एमटीबी दणकट वाटते आणि तीच घरी येते. नेरूळ-सानपाड्याच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये अशा एमटीबी धूळ खात पडलेल्या दिसतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

चाकाच्या मापावर जाऊ नका. 29 इंची एमटीबी आणि 700सी हायब्रिड, दोन्हींच्या रिमचा व्यास, टायर बसतो तिथला, 622 मिलिमीटरच असतो. खरा फरक टायरचा. एमटीबीचा टायर साधारण दोन इंच किंवा त्याहून रुंद, जाड खाचांचा. त्यात हवा कमी ठेवतात, म्हणून तो माती-दगडांवर पकड धरतो. हायब्रिडचा बहुधा 35 ते 40 मिलिमीटर, बराचसा गुळगुळीत, हवा कडक. पाम बीच रोडवर एमटीबी शेजारून गेली की टायरची घरघर आधी कानावर येते. डांबरावर त्या खाचा दबतात, वाकतात आणि पायांची ताकद तिथेच जिरते. वाशीहून बेलापूरला जाऊन परत येईपर्यंत मांड्या बोलायला लागतात.

शॉकअपचंही तेच. चढावर उठून पॅडल मारा, पुढचा भाग खाली-वर डोलतो आणि थोडा जोर त्यातच जातो. लॉकआउट, म्हणजे शॉकअप घट्ट करायची कळ, असेल तर तो बंद करता येतो, पण वजन तर वाहावंच लागतं. येऊर म्हटलं की जंगल डोळ्यांसमोर येतं, म्हणून ठाण्यात एमटीबीच हवी असं अनेकांना वाटतं. उपवनहून वर जाणारा रस्ता मात्र डांबरी आहे. तिथे हलके गिअर लागतात, आणि ते चांगल्या हायब्रिडलाही असतात.

पावसाळ्यातल्या खड्ड्यांचं काय? 40 मिलिमीटरचा टायर, हवा किंचित कमी आणि खड्ड्यावर सीटवरून थोडं उठणं, एवढ्यावर रोजचं भागतं. मुरबाड-कर्जतकडच्या कच्च्या वाटांवर दर रविवारी जात असाल, तर मात्र एमटीबीच घ्या. दगडांच्या उतारावर हायब्रिड अंगाशी येते.

एमटीबी घेऊन झाली असेल तरी विकू नका. रिमच्या रुंदीला चालतील असे कमी रुंदीचे, गुळगुळीत टायर बसवून घ्या आणि हवा टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्यांच्या आत ठेवा. तीच सायकल पाम बीचवर पुष्कळ हलकी चालते.