हायवेवर पेट्रोल कोण पितं?

बेळगावात नवी मोटरसायकल दिसली की पहिला प्रश्न ठरलेला: ॲव्हरेज किती? गाडी स्पोर्ट, म्हणजे वाकून बसायची वेगवान असली तर उत्तर ऐकायच्या आधीच निकाल लागतो. स्पोर्ट म्हणजे पेट्रोल पिणार, मनगटं मोडणार. टूरिंग, म्हणजे ताठ बसून लांब जायची गाडी, म्हणजे आरामात गोवा, आरामात पुणे, आणि टाकी संपता संपत नाही. यातला आरामाचा भाग अर्धा खरा आहे, पेट्रोलचा बराचसा उलटा. दोन्हींच्या मुळाशी आहे वारा.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की रोध चौपट. आता आपल्याच हवेत हिशोब करू. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, त्यामुळे इथली हवा थोडी विरळ, घनमीटरला सुमारे १.१ किलो. उंच टूरिंग गाडीवर ताठ बसलेला माणूस धरा. समोरून दिसणारं क्षेत्रफळ आणि आकाराचा गुणांक (तो आकार वाऱ्याला किती अडतो ते सांगणारा आकडा) यांचा गुणाकार अशा वेळी ०.६ चौरस मीटरच्या आसपास येतो. मग ताशी ८० ला हवा साधारण १७ किलोच्या जोराने मागे ढकलते, १०० ला २६ आणि १२० ला ३७ किलोच्या. टायरचा रोध धरा पाच किलो. तो वेगाने फारसा बदलत नाही. एक किलोमीटर जायला लागणारी ऊर्जा या बेरजेवर ठरते: ८० ला २२, १२० ला ४२. जवळजवळ दुप्पट. जास्त भार आल्यावर इंजिन थोडं अधिक कार्यक्षम चालतं, म्हणून ॲव्हरेज अगदी निम्म्यावर येत नाही, पण हत्तरगी टोलनाक्यापासून कोल्हापूरपर्यंत गाडी ताणली की पेट्रोलचा काटा झरझर का उतरतो ते यातून कळतं.

वजनाचा बाऊ मात्र उगाच केला जातो. सपाट रस्त्यावर गाडी ३० किलोने जड असली तर टायरच्या रोधात जेमतेम अर्ध्या-पाऊण किलोची भर पडते. वजन नडतं ते चढावर आणि शहरात दर सिग्नलला पुन्हा वेग घेताना.

स्पोर्ट गाडीवर माणूस वाकतो, पुढे फेअरिंग, म्हणजे वारा बाजूला सारणारं आवरण असतं, आणि तोच ०.६ चा आकडा ०.४५ पर्यंत खाली येतो. १०० च्या वेगाला २६ ऐवजी २० किलोपेक्षाही कमी. सारख्या वेगाला स्पोर्ट गाडी वाऱ्याशी कमी भांडते. (बीएमडब्ल्यूने १९७६ साली आर १०० आरएस या लांब पल्ल्याच्या गाडीला पवनबोगद्यात घडवलेलं पूर्ण फेअरिंग दिलं, ते काही शोभेसाठी नव्हतं.) स्पोर्ट गाडी पेट्रोल पिते कारण ती हातात आली की आपण वेग वाढवतो. टूरिंग गाडीचा पल्ला मुख्यतः टाकीतून येतो. टूरिंगमधल्या हिमालयन ४५० ची टाकी १७ लिटरची, स्पोर्टमधल्या यामाहा आर१५ ची ११. पहिली २८ देते आणि दुसरी ४० असं धरलं तर पल्ला ४७६ आणि ४४० किलोमीटर. टाकीत सहा लिटरचा फरक, पल्ल्यात ३६ किलोमीटरचा.

आता मनगटं. हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. ७० किलोच्या माणसाचं कंबरेवरचं शरीर ४५ किलोच्या पुढे भरतं. क्लिप-ऑन, म्हणजे स्पोर्ट गाडीचं खाली बसवलेलं हँडल धरून तो पुढे झुकला की हे वजन कंबरेभोवती पुढे कलंडू पाहतं, आणि सावरायला पाठीचे स्नायू तरी लागतात नाहीतर मनगटं. पण समोरून वारा छातीला मागे रेटत असतो. उघड्या छातीवर ताशी ५० ला हा रेटा चार किलोसुद्धा नसतो. १०० ला तो १५ किलोच्या आसपास जातो. म्हणजे ५० ला मनगटावरचा भार एक नवमांशही हलका होत नाही, १०० ला मात्र निम्म्याच्या जवळपास वारा उचलतो. फेअरिंगच्या आड हे आकडे कमी होतात, वर्गाचा नियम तोच राहतो. स्पोर्ट गाडीची बैठक मुळात वेगवान वाऱ्यासाठी आखलेली आहे. खानापूर रोडच्या गर्दीत ३० ने जाताना तो वारा मिळतच नाही, आणि दोष आपण सीटला देतो.

ताठ बसणाऱ्याचं उलट होतं. त्याला तोच १५ किलोचा रेटा हँडलला लोंबकळत सोसावा लागतो, म्हणून टूरिंग गाडीला पुढे वारा अडवणारी काच. पण काचेच्या कडेवरून हवा सुटताना भोवरे तयार होतात, एकाआड एक. ते किती वेगाने सुटतात याचं गणित चेक शास्त्रज्ञ श्ट्रौहाल यांनी १८७८ मध्ये वाऱ्यात गुणगुणणाऱ्या तारांवरून मांडलं: वाऱ्याचा वेग भागिले अडथळ्याची रुंदी, गुणिले साधारण ०.२. काच ४० सेंटिमीटर आणि वेग १०० असेल तर सेकंदाला १४ भोवरे. ०.२ ही तारेसाठीची संख्या आहे. काचेसाठी ती थोडी कमी भरते, म्हणून सेकंदाला १० ते १५ भोवरे म्हणू. हेल्मेट नेमकं त्या भोवऱ्यांच्या वाटेत आलं की डोकं तितक्या वेळा हलतं, नजर पुसट होते, मान आखडते. उंच काच लावूनही निपाणीपर्यंत डोकं ठणकतं ते यामुळे. काचेच्या मागे हवेचा दाब कमी झालेला असतो. काचेखाली थोडी फट ठेवली तर तिथून हवा आत येते आणि भोवरे मवाळ होतात.

इतका साधा हिशोब असताना पेट्रोलच्या नळीवर लोहचुंबक बसवून ॲव्हरेज वाढवण्याची जाहिरात अजून खपते. पेट्रोलवर चुंबकाचा परिणाम नगण्य असतो आणि ज्वलनात त्याने काहीच बदलत नाही. ते पैसे वाचवा आणि टायरमधली हवा दर आठवड्याला तपासा.

एक गोष्ट आपल्या भागातली. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर येतो. तो ताशी २० चा आणि गाडी ६० वर धरा. जाताना गाडीला ८० चा वारा लागतो, येताना ४० चा. जाता-येता हिशोब फिटतो असं वाटतं, पण वर्गामुळे फिटत नाही. वारा नसताना लागणारा जोर १ मानला तर जाताना तो १.७८, येताना ०.४४, सरासरी १.११. हवेचा रोध तोडायला लागणारं पेट्रोल जाऊन-येऊन ११ टक्के जास्त. म्हणून ॲव्हरेज काढायचं तर टाकी फुल्ल करून त्याच रस्त्याने परत या, त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करा, आणि लिटरच्या शेजारी वेग आणि वाऱ्याची दिशाही लिहून ठेवा.