पोर्चिनीचं पाकीट आणि दोन नावांचा जुना घोळ

जळगाव-धुळ्यात कोणी सुक्या ‘पोर्चिनी’चं, म्हणजे युरोपातल्या एका खायच्या अळंबीचं, पाकीट हाती दिलं, तर त्यावर नाव एकच दिसेल. आत ‘बोलेटस एड्युलिस’ ही जात असेल, ‘बोलेटस रेटिक्युलॅटस’ असेल, नाहीतर दोन्हींची सरमिसळ. हा घोळ अडीचशे वर्षं जुना आहे.

रेटिक्युलॅटसचं नाव आधीचं. बव्हेरियातल्या रेगेन्सबुर्गचे धर्मगुरू याकोब शेफर यांनी ते १७७४ मध्ये दिलं. फ्रान्सच्या पिएर ब्युल्यार यांचं एड्युलिस १७८२ चं, म्हणजे धाकटं. पण गाजलं तेच. पुढे नियमांनी गुंता वाढवला. बऱ्याचशा बुरशींची नावं १८२१ पासूनच ग्राह्य धरायची, असा दंडक होता. शेफर त्याआधीचे, म्हणून त्यांचं नाव बाद. मग रेटिक्युलॅटसलाच कोणी ‘एस्टिव्हॅलिस’ म्हणे, तर कोणी तिला एड्युलिसचीच पोटजात ठरवून मोकळं होई. १९८१ मध्ये सिडनीच्या वनस्पतिशास्त्र परिषदेने ही मुदत १७५३ पर्यंत मागे नेली. तरी रेटिक्युलॅटस आणि एस्टिव्हॅलिस ही दोन्ही नावं अजून वापरात आहेत.

रेटिक्युलॅटस आणि एड्युलिस, दोघींच्याही टोपीखाली पडदे नसून बारीक छिद्रांचा थर असतो, आणि गर कापला तरी पांढराच राहतो. रेटिक्युलॅटस युरोपात उन्हाळ्याच्या तोंडालाच उगवते, ओक-बीचच्या मुळांशी. टोपी कोरडी, मखमली, उन्हात भेगाळणारी. देठावरची पांढरट जाळी पार खालपर्यंत. एड्युलिसचा भर शरदात, बहुधा स्प्रूस-पाइनखाली. तिची टोपी दमटात चिकट होते, कडेला बारीक पांढरी किनार असते आणि जाळी देठाच्या वरच्या भागातच ठसठशीत दिसते. नुसत्या जाळीवर मात्र विसंबू नये. झाड आणि टोपीही बघावी.

व्यापाऱ्यांना या वादाशी देणंघेणं नव्हतं. इटलीतल्या बोर्गोतारोच्या अळंबीला १९९६ मध्ये युरोपीय भौगोलिक मानांकन मिळालं, तेही चार जातींना मिळून. २०१४ मध्ये तर लंडनमध्ये विकत घेतलेल्या एका पाकिटाची डीएनए तपासणी झाली, तेव्हा आत विज्ञानाला तोवर अनोळखी असलेल्या तीन जाती निघाल्या. माल चीनचा होता.

सातपुड्यात सागाखाली या दोघींना शोधण्यात अर्थ नाही. सागाच्या मुळांशी नांदणारी बुरशी निराळ्या कुळातली. ती जमिनीवर छत्री काढतच नाही. यावल किंवा तोरणमाळच्या रानात छिद्रांची अळंबी दिसलीच, तर ती पोर्चिनी समजून कढईत टाकू नका.