वटहुकूम

वटहुकूम किंवा अध्यादेश म्हणजे विधिमंडळाची बैठक चालू नसताना सरकारने काढलेला, कायद्याइतकेच बळ असलेला पण अल्पायुषी कायदा. भारतात कायदे करण्याचा अधिकार केंद्रात संसदेला, राज्यात विधिमंडळाला आहे. वटहुकूम हा त्याला संविधानाने ठेवलेला अपवाद. केंद्रात अनुच्छेद १२३ खाली राष्ट्रपती आणि राज्यात अनुच्छेद २१३ खाली राज्यपाल तो काढतात. सही त्यांची, निर्णय मंत्रिमंडळाचा.

महाराष्ट्रात विधानसभा व विधानपरिषद अशी दोन सभागृहे असल्याने दोन्ही चालू असतील तेव्हाच वटहुकूम काढता येत नाही. एकच चालू असेल तर काढता येतो. ज्या विषयावर विधिमंडळाला कायदा करता येत नाही, त्यावर वटहुकूमही काढता येत नाही. समवर्ती सूचीतील, म्हणजे केंद्र व राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांवरील, केंद्रीय कायद्याशी विसंगत तरतूद करायची असेल तर राष्ट्रपतींचे निदेश आधी घ्यावे लागतात. ते न घेतल्यास विसंगत भाग टिकत नाही.

मुदतीचा हिशेब नेमका आहे. अधिवेशन भरल्यावर वटहुकूम दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावा लागतो आणि बैठक सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांनी तो संपतो. सभागृहे वेगवेगळ्या तारखांना भरली तर नंतरची तारीख धरतात. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही, म्हणून एका वटहुकमाचे आयुष्य फार तर साडेसात महिने. तेवढ्यात त्याच्या जागी विधेयक मंजूर व्हावे लागते. जादूटोणाविरोधी वटहुकूम ऑगस्ट २०१३ मध्ये निघाला आणि डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात त्याचा कायदा झाला. उलट २०१४ मध्ये मुस्लिम आरक्षणासाठी काढलेल्या वटहुकमाचे विधेयक आलेच नाही आणि तो व्यपगत झाला, म्हणजे मुदत संपून आपोआप गळून पडला.

गैरवापर होतो तो इथेच: विधेयक न आणता तोच वटहुकूम पुन्हा काढायचा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डी. सी. वाधवा यांनी बिहारचे वटहुकूम तपासले, तेव्हा १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम निघाल्याचे आणि ते वर्षानुवर्षे, एक ते चौदा वर्षे, जिवंत ठेवल्याचे दिसले. त्यांच्या याचिकेवर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा संविधानाशी कपट असल्याचे ठरवले. २०१७ मध्ये कृष्णकुमार सिंह खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने आणखी पुढे जाऊन वटहुकूम सभागृहापुढे न ठेवणे हाही संविधानाचा भंग मानला. व्यपगत वटहुकमाखाली मिळालेले हक्क आपोआप टिकत नाहीत, हेही त्याच निकालात आहे. अशा वटहुकमाच्या भरवशावर नोकरीत आलेल्यांना हा मुद्दा फार महागात पडतो.

मराठी बातम्यांत शासन निर्णयाला, म्हणजे जीआरला, सर्रास अध्यादेश म्हणतात. ही चूक आहे. जीआरच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे लिहिलेले असते, त्यामुळे घोटाळा होत असावा. पण त्याखाली सही असते ती उपसचिव, अवर सचिव अशा अधिकाऱ्याची. जीआर हा प्रशासकीय आदेश आहे आणि त्याने कायद्यातले एक कलमही बदलत नाही. वटहुकूम राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि त्याला ‘सन अमुकचा महाराष्ट्र अध्यादेश क्रमांक’ असा त्या वर्षाचा स्वतंत्र क्रमांक असतो.