ताप नाही, धाप नाही, तरी आजारी

मार्च 2020मध्ये महाराष्ट्रातले पहिले करोनारुग्ण पुण्यात सापडले आणि महिना संपायच्या आत देशभर टाळेबंदी लागली. सारसबाग बंद, तळजाईवरचं फिरणं बंद, कामाच्या मावशींना सोसायटीच्या फाटकातूनच परत पाठवलेलं. मुलं अमेरिकेत आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आई एकटी, अशी घरं आपल्याकडे शोधावी लागत नाहीत. संसर्ग टाळायला हा बंदोबस्त हवाच होता. पण त्यात तिला रोज बघणारं माणूसही गेलं, आणि उतारवयातला आजार अनेकदा बघणाऱ्यालाच आधी कळतो.

ताप विषाणू आणत नाही, शरीर स्वतः चढवतं. प्रतिकारपेशींकडून रासायनिक निरोप येतो आणि मेंदूतला हायपोथॅलॅमस तापमान वाढवतो. वयोमानानुसार हा निरोप क्षीण होतो, शिवाय मूळचं तापमानही जरा कमीच असतं. त्यामुळे नेहमीपेक्षा 2 अंश फॅरनहाइट जास्त भरलं, तर आकडा शंभराच्या आत असला तरी तो ताप समजावा.

धापेचंही तसंच. जीव घाबरा होतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. कोविडमध्ये ऑक्सिजन घटत असतानाही हा वायू बराच काळ नीट बाहेर पडत राहतो, म्हणून ऑक्सिमीटरवर 88 दिसत असताना माणूस आरामात बोलत असतो.

सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे अचानक आलेला गोंधळ; डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. अमेरिकेत 2020मध्ये आपत्कालीन विभागांत आलेल्या, वयाची पासष्टी गाठलेल्या 817 कोविडरुग्णांची पाहणी झाली. त्यांतल्या 28 टक्के रुग्णांना डिलिरियम होता, आणि या गोंधळलेल्यांपैकी 37 टक्के जणांना ताप, धाप यांसारखं नेहमीचं काहीच नव्हतं. गोंधळलेल्या माणसाला आपण गोंधळलोय हे कळत नाही. एकट्या घरात ते कळणार कुणाला? ‘वय झालं, विसरतात’ असं म्हणून सोडून देणं इथे महागात पडतं. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने वाढत जातो, डिलिरियम दोन दिवसांत उभा राहतो.

घरात बसून स्नायू झिजतात ते वेगळंच. निरोगी ज्येष्ठांना फक्त 10 दिवस अंथरुणावर ठेवलं, तर पायांतला सुमारे एक किलो स्नायू गेल्याचं 2007च्या एका प्रयोगात दिसलं होतं.

मग लांबून करायचं काय? ‘जेवलीस का?’ला उत्तर ‘हो’च येतं; त्यापेक्षा काय केलं होतंस, आज वार कोणता, हे विचारावं. व्हिडिओ कॉलवर हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायला सांगावं. आणि वेळ बदलावी. डिलिरियम दिवसभर सारखा नसतो, बहुधा संध्याकाळनंतर बळावतो. कॅलिफोर्नियातून रात्री जेवणं उरकून केलेला फोन पुण्यात सकाळी वाजतो, आणि तेव्हा आई अगदी नीट बोलते. दिवेलागणीनंतरचा दुसरा फोन पुण्यातल्याच भाचीने करावा. उचलला गेला नाही तर लगेच जाऊन बघता यावं म्हणून जादा किल्ली शेजारच्या काकूंकडे असू द्यावी.