पत्रा किती वाकेल? टाकी, हॉपर, पॅनेल बनवण्याआधी आम्ही काय तपासतो

कुपवाड एमआयडीसीत आमच्याकडे येणाऱ्या फॅब्रिकेटर मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "साहेब, किती एमएमचा पत्रा लावू?" आमचा उलट प्रश्नही ठरलेला : "कडा कशा धरल्यात?"

एक साधी टाकी घ्या. भिंत 1 मीटर लांब, 1 मीटर उंच, 3 मिमी माइल्ड स्टील, आत काठोकाठ पाणी. चारही कडा सलग वेल्डिंगने पक्क्या धरल्या, तर पुस्तकातल्या सूत्राने भिंत मधोमध सुमारे 12 मिमी फुगते. त्याच कडा नुसत्या टेकलेल्या, म्हणजे कडेला फिरायला मोकळ्या धरल्या, की आकडा जातो 38 मिमीवर. पत्रा तोच, पाणीही तेच. म्हणून वेल्डिंग सलग आहे की टाके मारलेत, हे आम्ही दोनदा विचारतो. राग मानू नका.

फुगवटा कमी करायचा म्हटले की बहुतेकांचा हात जाड पत्र्याकडे जातो. जाडीचा परिणाम घनाने होतो हे खरे : 3 चा 4 मिमी केला तर ताठपणा 2.37 पट होतो, वजन मात्र एक तृतीयांशाने वाढते. पण तोच 3 मिमी पत्रा ठेवून मधोमध एक उभा, पुरेसा ताठ अँगल मारला, तर फुगवटा 2 मिमीच्या आसपास येतो. पत्र्याच्या मोकळ्या चौकोनाच्या दोन्ही बाजू निम्म्या केल्या, की तेवढ्याच दाबाखाली वाक सोळाव्या हिश्श्यावर येतो. तुमचे पैसे वाचतात ते इथे.

खरी टाकी अशी सरळ नसते. तिला पाय असतात, पाइपाची भोके असतात, एका बाजूला मोटरचे वजन असते. तिथे सूत्र थकते आणि संगणकावर फायनाइट एलिमेंटचा हिशेब करावा लागतो. पत्र्याचे छोटे तुकडे पाडून जाळी विणायची, प्रत्येक गाठ किती सरकते आणि किती फिरते हे शोधायचे. पातळ पत्र्याचा पक्का सिद्धांत जर्मन शास्त्रज्ञ किर्खहॉफने 1850 मध्ये मांडला. त्यात शेजारच्या तुकड्यांची नुसती उंची जुळून भागत नाही, उतारही जुळावा लागतो, आणि तसे तुकडे रचणे अवघड. अमेरिकी अभियंता मिंडलिनच्या 1951 च्या मांडणीत हे सोपे होते, पण पत्रा फार पातळ असला की साधे तुकडे अडकून बसतात आणि पत्रा आहे त्यापेक्षा ताठ दाखवतात. याला लॉकिंग म्हणतात.

याची आम्हाला फार काळजी वाटते, कारण चूक दिसत नाही. एका ग्राहकाने बाहेरून करून आणलेला रिपोर्ट आम्ही पाहिला. रंगीत चित्रे सुरेख, फुगवटा अगदी थोडा. जाळी उघडून पाहिली तर जाडीत ठोकळ्यासारख्या साध्या तुकड्यांचा एकच थर. तोच पत्रा शेल एलिमेंटने, म्हणजे खास पातळ पत्र्यासाठीच्या सपाट तुकड्यांनी सोडवला, तेव्हा वाक कितीतरी जास्त निघाला आणि ड्रॉइंगमध्ये दोन पट्ट्या वाढवाव्या लागल्या. पत्रा कापायच्या आधी कळले हे बरे झाले.

म्हणून प्रत्येक काम आम्ही जाळी निम्म्या मापाची करून पुन्हा सोडवतो. उत्तर हलले तर आणखी बारीक करतो. शिवाय सूत्राने निघणारा एखादा सोपा भाग हाताने काढून ताडून पाहतो.

वर जो 12 मिमी आकडा आला, तोही जसाच्या तसा घेऊ नका. वाक जाडीच्या निम्म्यापलीकडे गेला की पत्रा नुसता वाकत नाही, झोळीसारखा ताणला जाऊ लागतो. त्यामुळे प्रत्यक्ष फुगवटा सूत्रापेक्षा बराच कमी येतो, पण तो ताण कडेच्या वेल्डिंगवर उतरतो. अशा कामाला नॉनलिनिअर, म्हणजे वाक वाढेल तसा बदलणारा ताठपणा धरणारा हिशेबच लागतो. त्याला वेळ जास्त जातो, तो आम्ही आधीच सांगतो.

येताना ड्रॉइंग आणा, आत काय भरणार ते सांगा (काकवी पाण्यापेक्षा जड असते), आणि टाकी रोज भरून रिकामी होते का तेही. पत्र्याची जाडी बिलावरची नको, मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजून आणा. 3 ऐवजी 2.8 मिमी निघाला, तर ताठपणा जवळपास 19 टक्क्यांनी घटलेला असतो.