'लाय' की 'ले'?

अस्खलित इंग्रजी बोलणारेही या जोडीत चुकतात. अमेरिकेत 'ले डाउन' म्हणजे आडवा हो, असं सर्रास ऐकू येतं. व्याकरणाला तिथे 'लाय डाउन' हवं असतं.

'लाय' (एल-आय-ई) म्हणजे पडणं, आडवं होणं, पडून असणं. ते अकर्मक. 'ले' (एल-ए-वाय) सकर्मक: ठेवणं, आडवं करणं, विटा रचणं, अंडी घालणं. काय ठेवलं ते सांगावंच लागतं. कोंबडीच्या बाबतीत मात्र कर्म गाळलं तरी चालतं.

खरा घोळ भूतकाळात होतो. रूपं अशी: लाय–ले–लेन आणि ले–लेड–लेड. पहिल्याचा भूतकाळ दिसायला हुबेहूब दुसऱ्याच्या वर्तमानकाळासारखा. 'फॉल'चंही असंच आहे. त्याचा भूतकाळ 'फेल', आणि झाड पाडणं म्हणजेही 'फेल'. मूळ क्रियापदातला स्वर बदलून 'करवणं' दाखवायची ही जुनी रीत. आपल्याकडे पडणं–पाडणं आहे, तसंच.

त्यामुळे मराठी माणसाला चाचणी आयती मिळते. वाक्य मराठीत, भूतकाळात म्हणून पाहा. 'ती' आलं तर लाय, 'तिने' आलं तर ले. ती पलंगावर पडली: शी ले ऑन द बेड. तिने बाळाला पलंगावर ठेवलं: शी लेड द बेबी ऑन द बेड. वाक्यात 'मी' असेल तर त्याजागी 'ती' घालून पाहा: ती आडवी झाली. म्हणून 'काल दुपारी आय लेड डाउन' चूक, 'आय ले डाउन' बरोबर. कानाला विचित्र वाटतं खरं, पण तेच बरोबर.

चाचणी फसते ती 'पुस्तक टेबलावर ठेवलंय' अशा वाक्यात. आपण 'ठेवलंय' म्हणतो, पण सांगायची असते पुस्तकाची स्थिती. इथे 'द बुक इज लायिंग ऑन द टेबल'. 'लेइंग' नाही, कारण पुस्तक काही ठेवत नाहीये. गावं, डोंगर, दोष यांनाही लायच: पुणे लाइज साउथईस्ट ऑफ मुंबई.

स्पेलिंगमध्ये 'लेड' हे एल-ए-आय-डी; 'ले'ला नुसतं ई-डी जोडू नका. 'लायिंग'मध्ये आय-ई जाऊन वाय येतो. खोटं बोलण्याचं 'लाय' वेगळंच आहे, त्याचा भूतकाळ 'लाइड'. 'ही लाइड ऑन द बेड' लिहिलंत तर तो पलंगावर खोटं बोलला! 'लेन' आता बोलण्यात फारसं येत नाही. 'हॅज बीन लायिंग' म्हटलं की बहुतेक वेळा भागतं.